डोळे एकीचे आले, खर्च चौघांचा झाला

गेल्या जुलैत धाकटी शाळेतून आली ती उजवा डोळा चोळतच. दुसऱ्या दिवशी सकाळी पापण्या चिपडांनी अशा चिकटल्या होत्या की तिला उघडताच येईनात. तिसऱ्या दिवशी सासूबाईंचे डोळे आले, मग यजमानांचे, मग माझे. मोठा मुलगा तेवढा सुटला, कारण तो परीक्षेसाठी मित्राच्या खोलीवर राहायला होता. आठवड्याने मी वहीत हिशेब मांडला, आणि त्यातली निम्मी रक्कम उगाच गेली हे तेव्हा कळलं.

आधी तो हिशेब सांगते. डोळ्यांच्या डॉक्टरांची फी ५००. धाकटीसाठी दोन बाटल्या, एक अँटिबायोटिकची आणि एक डोळ्यांना ओलावा देणारी, मिळून २७५. बाकी तिघांसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेले तीन ड्रॉप, २७० रुपये. चार काळे गॉगल, नाक्यावरून, १८० ला एक, म्हणजे ७२०. पुढे सासूबाईंना डॉक्टरांकडे न्यावं लागलं, त्याचे आणखी ५००. बेरीज २,२६५. यजमानांचं झेरॉक्सचं दुकान चार दिवस बंद राहिलं. दिवसाला ८०० च्या आसपास सुटतात, म्हणजे ३,२०० बुडाले. औषधापेक्षा बुडालेल्या दिवसांचा आकडा मोठा निघाला. रोजंदारीवरच्या माणसाचं गणित तर यालाही लाजवेल असं असतं.

डोळे येण्याच्या मोठ्या साथी बहुधा विषाणूंच्या असतात, कधी अडेनोव्हायरसच्या, कधी एंटेरोव्हायरसच्या. २०२३ च्या जुलैत आळंदीत शाळकरी मुलांमध्ये पसरलेली साथ अनेकांना आठवत असेल. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून निर्वासित येत होते तेव्हा कोलकात्यात ही साथ इतकी फोफावली की बंगालीत त्या आजाराला 'जय बांगला' असंच नाव पडलं. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. साधारण एक ते दोन आठवड्यांत डोळे आपणहून बरे होतात. मग डॉक्टर अँटिबायोटिक का लिहून देतात? काही वेळा जिवाणूंचा संसर्ग खरोखरच असतो, पिवळा-हिरवा घट्ट पू येतो, तेव्हा त्याचा उपयोग होतो. काही वेळा आपणच औषध मागतो आणि नुसता सल्ला घेऊन उठायला आपल्याला कमीपणा वाटतो. म्हणून विचारा, 'डॉक्टर, हे विषाणूचं असेल तर हा ड्रॉप लागेलच का?' एवढ्या प्रश्नाने शंभर रुपये वाचू शकतात.

बाटलीचं गणितही घरात मांडून बघावं. ५ मिलीच्या बाटलीत अंदाजे १०० थेंब असतात. दोन्ही डोळ्यांत दिवसातून चार वेळा म्हणजे रोज आठ थेंब, म्हणजे एक बाटली एका माणसाला बारा दिवस पुरते. एका वेळी एकच थेंब घाला, दुसरा गालावरूनच वाहून जातो. पण 'चौघांत एकच बाटली वापरू' ही काटकसर करू नका. बाटलीचं टोक एकाच्या पापणीला लागतं आणि पुढच्याच्या डोळ्यात त्याचाच विषाणू जातो. बाटली माणशी वेगळी, तिच्यावर पेनाने नाव. उघडल्यापासून महिनाभराने फेकून द्यायची, उरलेली पुढच्या पावसाळ्यासाठी फ्रीजमध्ये ठेवायची नाही.

ओलावा देणारे ड्रॉप, ज्यांना लोक 'कृत्रिम अश्रू' म्हणतात, ते मात्र खुपणं आणि आग कमी करतात. कंपनीप्रमाणे शंभर ते दोनशेच्या दरम्यान पडतात. जनऔषधी केंद्रात हीच जेनेरिक बाटली बरीच स्वस्त मिळते. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव, म्हणजे कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, लिहून घ्या आणि ते नाव दाखवा.

आता सासूबाईंची गोष्ट. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेल्या एका ड्रॉपने त्यांचा लालपणा दोन दिवसांत उतरला, त्या खूश होत्या. तिसऱ्या दिवशी धाकटीला दाखवायला नेलं तेव्हा सहज बाटली डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी लेबल वाचून विचारलं, 'आजींना काचबिंदू आहे ना?' बाटलीत अँटिबायोटिकबरोबर डेक्सामेथासोन होतं, म्हणजे स्टेरॉइड. स्टेरॉइडने डोळ्यातला दाब वाढू शकतो, आणि डोळ्याला नागिणीच्या जातकुळीतला संसर्ग असेल तर बुबुळाचं नुकसान होऊ शकतं. लालपणा मात्र झटकन ओसरतो, म्हणून ते 'जादूचं औषध' म्हणून खपतं. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेड्निसोलोन, लोटेप्रेड्नॉल यांपैकी काहीही लिहिलेलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घालू नका. तिथे वाचलेले ५०० रुपये महागात पडतात.

गॉगलचे ७२० हा माझ्या हिशेबातला सगळ्यात वाया गेलेला खर्च. डोळे आलेल्याच्या डोळ्यांत बघितलं की आपलेही येतात, असं आईपासून ऐकत आलो. ते खरं नाही. डोळ्यातलं पाणी हाताला लागतं, हात दाराच्या कडीला, मोबाइलला, रिमोटला लागतो आणि दुसऱ्याचा हात तिथून त्याच्या डोळ्याला जातो. गॉगलने उजेडाचा त्रास कमी होतो आणि हात डोळ्याकडे जरा कमी जातो, एवढाच उपयोग. घरात जुना असेल तर घाला. निरोगी माणसाने तर मुळीच विकत घेऊ नये.

आमच्या घरात विषाणू गॉगलवाचून नाही, तर बेसिनजवळच्या एका नॅपकिनमुळे फिरला, याची मला खात्री आहे. सकाळी पाच जण त्यालाच तोंड पुसायचे. आता सांगते पैसे कुठे घालावेत ते. माणशी एक वेगळ्या रंगाचा नॅपकिन, ४५ ला एक धरला तर पाचांचे २२५. कापसाची गुंडाळी ५०. आंघोळीच्या साबणाच्या दोन जास्तीच्या वड्या ४०. ब्लीचची बाटली ६०. एकूण ३७५. घरात पंचे असतील तर याहूनही कमी. भाव गावागावाला बदलतील, पण प्रमाण असंच राहील.

सॅनिटायझरवर भरवसा ठेवू नका. अडेनोव्हायरसला बाहेरचं चरबीचं वेष्टण नसतं, त्यामुळे अल्कोहोलचा त्याच्यावर म्हणावा तसा परिणाम होत नाही, आणि कोरड्या पृष्ठभागावर तो कित्येक दिवस टिकतो. साबण-पाण्याने वीस सेकंद हात धुणं हेच बरं. कड्या, नळ, बेसिन पातळ ब्लीचने पुसा. ब्लीच ॲसिडात किंवा दुसऱ्या कुठल्या क्लीनरमध्ये मिसळू नका, आणि खिडकी उघडी ठेवा. मोबाइल साबणाच्या ओलसर फडक्याने पुसा. आजारी माणसाचा अभ्रा आणि नॅपकिन रोज गरम पाण्यात धुवा. पावसात ऊन मिळत नाही, तर इस्त्री फिरवा. चिपडं काढताना उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवा, नाकाकडून कानाकडे एकदाच पुसा, बोळा टाकून द्या, दुसऱ्या डोळ्याला नवा घ्या. सूज असेल तर गार पाण्याची घडी ठेवा. आधी वापरलेली काजळाची डबी टाकून द्यायची. लेन्स लावणाऱ्यांनी त्या लगेच काढून डॉक्टरांना दाखवायचं. मध, एरंडेल, गुलाबपाणी, आईचं दूध यांपैकी काहीही डोळ्यात घालू नका, कोणी कितीही प्रेमाने सांगो.

डॉक्टरांची फी केव्हा बिनदिक्कत खर्चावी? डोळा दुखत असेल, नुसता खुपत नसेल. धूसर दिसत असेल. उजेड सहनच होत नसेल. डोळ्याला मार लागला असेल किंवा काही उडालं असेल. आठवड्याने फरक नसेल. आणि महिन्याच्या आतल्या बाळाचे डोळे आले असतील तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. तालुक्याच्या गावी ३०० ते ५००, पुण्या-मुंबईत त्याच्या दुप्पटही फी होते. सात-आठ दिवसांत पुन्हा दाखवायचे पैसे बरेच डॉक्टर घेत नाहीत, पण ते आधी विचारून घ्या. खिशाला जड वाटत असेल तर सरकारी दवाखाना आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपर आणि उपचार मोफत आहेत. साथीच्या दिवसांत रांग मोठी असते, तेव्हा सकाळी लवकर जा, आणि सोबत आधीच्या सगळ्या बाटल्या न्या.

आणखी एक. डोळ्यातून पाणी येणं पूर्ण थांबेपर्यंत मूल घरीच ठेवा, बहुधा आठवडाभर. चाचणी परीक्षा बुडाली तरी चालेल. आणि त्याच दिवशी वर्गशिक्षकांना फोन करा, म्हणजे त्या बाकावरच्या बाकी मुलांच्या आयांना आजच नॅपकिन वेगळे करता येतील.