झोपलेला आणि थांबवलेला

सांगलीहून घरी कोरेगावला निघालो होतो. मागच्या एक्सप्रेसला वाट द्यायला आमची पॅसेंजर रहिमतपूरला बाजूला घेतली. गाडी उभी, पण ड्रायव्हर जागा. सिग्नल मिळताच निघाला. मी मात्र शेजारच्या काकांना ‘उठवा’ न सांगताच झोपलो, उतरलो साताऱ्याला!

लिनक्समध्ये हाच फरक. प्रीएम्प्ट झालेला टास्क रनक्यूतच राहतो. झोपलेला बाहेर पडतो, उठवल्याशिवाय परतत नाही. म्हणून आधी वेटक्यूत नाव घालायचं, स्टेट ‘झोप’ करायची, मगच अट तपासायची. अट आधी तपासली तर मधेच आलेली हाक वाया!

कर्नल २.६ (डिसेंबर २००३) मध्ये कर्नल कोडही प्रीएम्प्ट करायची सोय आली. मग स्टेट बदलून अट तपासण्याआधीच टास्क थांबवला तर? तेव्हा स्टेट ‘झोप’ असूनही कर्नल त्याला रनक्यूतून काढत नाही. पाळी आली की तो उरलेली तपासणी करतो.