खुर्चीचा सांधा

होस्टेलची खुर्ची नेमकी कुठे मोडते, हे कधी नीट पाहिलंय का? पाय मधूनच तुटलाय असं क्वचितच दिसेल. पाठीची उभी दांडी आणि बैठकीची आडवी पट्टी जिथे मिळतात, तिथे ती आधी कुरकुरते, मग डुगडुगते आणि एक दिवस सुटते. लाकूड शाबूत असतं, सांधा दगा देतो.

सेकंड इयरला माझी खुर्ची अशीच डुगडुगायला लागली. मी दोन खिळे ठोकले, वरून पुट्टी भरली आणि तपकिरी रंगाचा एक हात मारला. दिसायला एकदम नवी! तीन आठवड्यांनी माझा रूममेट तिच्यावर रेलून बसला आणि सरळ मागे पडला. मनगटाला प्लॅस्टर, ड्रॉइंगचं सबमिशन हुकलं. तो मला एका शब्दानं बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं. दुरुस्तीला आलेल्या सुतारकाकांनी पुट्टी खरवडली, आतला फाटलेला सांधा दाखवला आणि विचारलं, "कुणी झाकलं रे हे?"

त्यानंतर खुर्च्यांबद्दल हाती लागेल ते वाचत गेलो आणि डेन्मार्कच्या एका खुर्चीपाशी येऊन थांबलो. तिची गोष्टही झाकलेल्या सांध्याचीच आहे. फक्त शेवट वेगळा आहे.

सुतारांचं प्रदर्शन

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारखान्यातलं स्वस्त फर्निचर बाजारात आलं आणि कोपनहेगनच्या कसबी सुतारांच्या पोटावर पाय येण्याची वेळ आली. त्यांच्या संघानं १९२७ पासून दरवर्षी स्वतःचं प्रदर्शन भरवायला सुरुवात केली. १९३३ पासून त्याला डिझाइनची स्पर्धा जोडली. तरुण आर्किटेक्टनं ड्रॉइंग काढायचं, कसलेल्या सुतारानं ते लाकडात उतरवायचं. हे प्रदर्शन १९६६ पर्यंत चाललं.

दुसरीकडे, १९२४ मध्ये कोपनहेगनच्या रॉयल अकॅडमीत फर्निचरचं शिक्षण सुरू झालं होतं. तिथले गुरू कारे क्लिंट. "आधी मोजा, मग काढा" असा त्यांचा खाक्या. माणसाचं शरीर मोजा, कपाटात ठेवायच्या वस्तू मोजा, जुन्या चांगल्या खुर्च्या मोजा. बोर्गे मोगेन्सन हा त्यांचाच विद्यार्थी. त्यानं सहकारी संस्थेसाठी १९४७ मध्ये केलेली साधी, परवडणारी जे-३९ खुर्ची तिथे 'लोकांची खुर्ची' म्हणून ओळखली जाते.

आता आपला नायक. हान्स वेग्नर १९१४ मध्ये ट्योंडर गावी एका चांभाराच्या घरी जन्मला. चौदाव्या वर्षी तो सुताराकडे उमेदवारीला लागला आणि डिझाइनच्या शाळेत गेला तो त्यानंतर, १९३६ मध्ये. म्हणजे हातात पटाशी आधी आली, पेन्सिल मागून. २००७ मध्ये तो वारला, तोवर पाचशेच्या वर खुर्च्यांची डिझाइन्स त्याच्या नावावर होती.

राउंड चेअर

१९४९ च्या प्रदर्शनात योहानेस हान्सन या सुतारानं वेग्नरची एक खुर्ची मांडली. चार पाय, एक बैठक आणि वर पाठ व हात मिळून एकच अर्धगोल कडं. बस्स. हीच ती राउंड चेअर. पुढच्या वर्षी एका अमेरिकन मासिकानं तिला मुखपृष्ठावर घेतलं. १९६० मध्ये केनेडी-निक्सन यांचा टीव्हीवरचा वाद झाला तेव्हा उमेदवारांसाठी याच खुर्च्या मांडल्या होत्या.

वरचं कडं एकाच फळीतून का नाही कापायचं? कारण लाकडाची ताकद रेषांच्या दिशेनं असते. सरळ फळीतून अर्धगोल कापला तर काही जागी रेषे आडवे येतात आणि तिथे ते बिस्किटासारखं तुटतं. म्हणून कडं तीन तुकड्यांचं केलं, प्रत्येकात रेषे जमतील तितके लांबीला धरून. पण तीन तुकडे म्हटले की दोन सांधे आले, आणि तेही डोळ्यांसमोर.

पहिल्या खुर्चीत वेग्नरनं हे सांधे खाच आणि जिभेच्या पद्धतीनं केले. ते मजबूत होते, पण त्यांचं दिसणं त्याला पटेना. म्हणून त्यानं पाठीच्या भागावर वेत गुंडाळून ते झाकून टाकले.

दुसरा कुणी असता तर इथेच थांबला असता. वेग्नरनं पुढच्याच वर्षी सांधाच बदलला. दोन्ही तुकड्यांना करवतीच्या दातांसारखी लांब टोकं काढली आणि एका हाताची बोटं दुसऱ्यात गुंतवावीत तशी ती एकमेकांत बसवली. वेत काढून टाकला. जो सांधा लपवायचा होता, तोच आता खुर्चीचा दागिना झाला.

हा सांधा चालतो का? लाकडाचं आडवं कापलेलं टोक स्ट्रॉच्या जुडग्यासारखं असतं. सरस आत शोषला जातो आणि पकड कच्ची राहते. बोटांच्या तिरक्या बाजूंवर मात्र रेष्यांच्या कडेला कड चिकटते आणि चिकटायला जागाही कितीतरी जास्त मिळते. शिवाय लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, रुंदीत फुगतं. (पावसाळ्यात रूमचं दार आठवा!) दोन्ही तुकड्यांचे रेषे साधारण एका दिशेला असल्यानं दोन्ही सारखेच फुगतात आणि सांध्यावर ताण कमी येतो.

थोडं गणित

आता माझ्या खुर्चीचा ढोबळ हिशेब. रेलणाऱ्यानं पाठीला २०० न्यूटनचा रेटा सांध्यापासून ४० सेमी उंचीवर दिला, तर मोमेंट झाला ८० न्यूटन-मीटर. दोन बाजूंना वाटून प्रत्येकी ४०. सांध्याच्या आत ताण आणि दाब यांच्यात अंतर असतं जेमतेम ४ सेमी. म्हणजे बल आलं १००० न्यूटन, जवळजवळ १०० किलोचं वजन! दोन खिळे आणि पुट्टी काय करणार?

राउंड चेअरमध्ये पुढचे-मागचे चारही पाय बैठकीच्या वर जाऊन कड्याला मिळतात. त्यामुळे प्रत्येक बाजूला चौकट तयार होते. सिव्हिलवाल्यांना पोर्टल फ्रेम आठवेल. चौकट पूर्ण ताठ धरली तर तोच ४० चा मोमेंट चार कोपऱ्यांत वाटला जातो. प्रत्येकी १० न्यूटन-मीटर, म्हणजे बल २५०. शिवाय पाय सगळ्यांत जाड कुठे? बैठक जिथे मिळते तिथे. तिथून वर आणि खाली तो निमुळता होत जातो. आपण स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये जे पाठ करतो, ते इथे हाताला लागतं.

शेवटी

कुणी म्हणेल, वेग्नरनंही आधी झाकलंच ना? हो. पण त्याच्या वेताखाली चांगला सांधा होता, माझ्या पुट्टीखाली फाटलेला. फरक आणखीही एक आहे. झाकल्यावर मी निवांत झोपलो, तो अस्वस्थ राहिला.

आपल्या प्रोजेक्टमध्येही अशा जागा असतातच. कच्चा सोल्डर टेपखाली जातो, न जुळणारं रीडिंग ग्राफमधून गुपचूप गळतं. व्हायव्हाला चालून जातं. पण त्या वस्तूवर पुढे कुणीतरी विश्वासानं रेलून बसणार असतं.

माझी खुर्ची नंतर सुतारकाकांनीच दुरुस्त केली. नवी खाच, नवं टोक, सरस, आणि रात्रभर शिकंजा. रंग द्यायला मी ब्रश घेऊन गेलो, तर म्हणाले, "राहू दे. पुढच्याला सांधा दिसला पाहिजे."