एडविन या नावाचा अर्थ काय?



बाळाच्या स्नानसंस्काराची नोंद करायला आईवडील आमच्याकडे येतात, तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो. "फादर, ख्रिस्ती नाव कोणतं ठेवायचं?" घरात आणि शेजारात बाळाला प्रकाश किंवा वैशाली म्हणून हाक मारणे सुरू झालेले असते. मग चर्चच्या रजिस्टरसाठी आणखी एक नाव शोधले जाते आणि पुष्कळदा त्या नावाचा अर्थ घरात कोणालाच ठाऊक नसतो. म्हणून आज आपण एकच नाव घेऊ या, एडविन. हे नाव आपल्याला नवे नाही. १९९५ ते २००६ या काळात अमरावती धर्मप्रांताचे बिशप एडविन कुलासो होते. मिस्सेत बिशपांसाठी प्रार्थना होते, तेव्हा अमरावती-अकोल्याच्या वेदींवर हे नाव रोज उच्चारले जात असे.

हे नाव बायबलमधले नाही, लॅटिनमधलेही नाही. पाचव्या शतकात आजच्या जर्मनी-डेन्मार्कच्या किनाऱ्यावरून अँगल आणि सॅक्सन टोळ्या ब्रिटनमध्ये येऊन वसल्या. त्यांच्या बोलीतले हे नाव. मूळ रूप 'एआडविने' असे होते. 'एआड' म्हणजे संपदा, भाग्य, भरभराट. 'विने' म्हणजे मित्र. (प्यायच्या वाईनशी याचा काही संबंध नाही, हे आधीच सांगितलेले बरे!) संस्कृतातील 'वन्' म्हणजे इच्छिणे, प्रेम करणे, हा धातू या 'विने'चा दूरचा नातलग आहे. आपल्याकडे वसुमित्र हे जुने नाव आहे, तशीच एडविनची घडण.

मात्र अशा नावांचा अर्थ वाक्यासारखा लावू नये. त्या लोकांत आईच्या नावातला एक तुकडा आणि बापाच्या नावातला एक तुकडा जोडूनही मुलाचे नाव करीत. वूस्टरचे बिशप संत वुल्फस्टन यांच्या आईचे नाव वुल्फगिफू आणि वडिलांचे एथेलस्टन. दोन्हींचे तुकडे जोडून वुल्फस्टन झाले. शब्दशः अर्थ काढला तर "लांडगा-दगड"! त्यांना संतपद मिळण्यात त्याची काही अडचण आली नाही.

'एआड'चे कुटुंब मोठे आहे. एडमंड, एडगर, एडिथ ही त्यातलीच नावे. एडवर्ड म्हणजे संपदेचा राखणदार. अमरावतीत १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज निघाले, तीच आजची शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था. पोर्तुगीजांनी याच एडवर्डचे दुआर्ते केले. गोव्यात १५२२ ते १५२४ या काळात दुआर्ते द मेनेझिस नावाचा गव्हर्नर होता. म्हणजे इंग्रज यायच्या आधीच हे नाव वेष पालटून आपल्या किनाऱ्याला लागले होते.

आता मूळ एडविनकडे वळू. तो उत्तर इंग्लंडमधील नॉर्थम्ब्रियाचा राजा. इ. स. ६१६ मध्ये गादीवर आला. त्याची राणी एथेलबर्गा केंटची राजकन्या आणि ख्रिस्ती होती. तिच्याबरोबर बिशप पॉलिनस आले. पोप पाचवे बोनिफेस यांनी राजाला आणि राणीला वेगवेगळी पत्रे लिहिली. तरी एडविनने घाई केली नाही. पुष्कळ दिवस तो एकटा बसून विचार करीत असे, असे बीड या मठवासी इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. बीडचा ग्रंथ ७३१ साली पुरा झाला. शेवटी राजाने दरबाऱ्यांचे मत विचारले. त्यातल्या एकाने हिवाळ्यातल्या चिमणीचा दाखला दिला. बाहेर वादळ, आत शेकोटी. चिमणी एका दारातून आत येते, क्षणभर ऊब घेते आणि दुसऱ्या दाराने अंधारात निघून जाते. माणसाचे आयुष्य तसेच आहे, आधीचे कळत नाही आणि नंतरचेही. ही नवी शिकवण त्याबद्दल काही सांगत असेल तर ऐकावी, असे त्याचे म्हणणे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही पुष्कळ युक्तिवाद घोकले, पण या अनामिक दरबाऱ्याइतका सरळ प्रश्न क्वचितच कोणी मांडलेला आढळला.

६२७ च्या ईस्टरला, १२ एप्रिल रोजी, यॉर्क येथे घाईने उभारलेल्या लाकडी चर्चमध्ये एडविनचा स्नानसंस्कार झाला. सहा वर्षांनी तो लढाईत मारला गेला. १२ ऑक्टोबर हा त्याचा स्मरणदिन.

आम्हाला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. स्नानसंस्कारानंतरही त्याचे नाव एडविनच राहिले. तोपर्यंत एडविन नावाचा कोणी संत प्रसिद्ध नव्हता. ते एका ख्रिस्ती नसलेल्या टोळीचे, घरात रुळलेले नाव होते. माणूस संत झाला, मग नाव ख्रिस्ती झाले. उलट उदाहरणेही आहेत. वेसेक्सचा राजा कॅडवाला रोमला गेला, तेथे ६८९ मध्ये पोप सर्जियस यांनी त्याला पीटर हे नाव दिले. विनफ्रिड या धर्मप्रचारकाला ७१९ मध्ये रोममध्येच बोनिफेस हे नाव मिळाले. पण मायदेशी बहुतेकांनी आपापली नावे ठेवली. आपल्याकडे रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. ते प्रॉटेस्टंट होते, पण येथे मुद्दा नावाचा आहे. ते शेवटपर्यंत नारायण वामनच राहिले.

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड यांची चलती झाली. एडविन मागे पडले. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी जुनी नावे हौसेने पुन्हा वापरात आणली, आणि त्या लाटेबरोबर ती आपल्याकडेही आली. 'लाइट ऑफ एशिया' (१८७९) लिहिणारे एडविन अर्नोल्ड त्याआधी पुण्याच्या सरकारी कॉलेजात प्राचार्य होते.

धर्मसभेचा नियम काय? १९१७ च्या कायद्यात धर्मगुरूने ख्रिस्ती नावाचा आग्रह धरावा, आईबाप ऐकत नसतील तर एका संताचे नाव जोडून दोन्ही नावे रजिस्टरमध्ये लिहावीत, असे होते. आपल्याकडची दुहेरी नावे बरीचशी त्या सवयीतली आहेत. १९८३ च्या कायद्यातील ८५५ वे कलम एवढेच सांगते, की ख्रिस्ती भावनेला विसंगत नाव देऊ नये. प्रकाश, करुणा, आनंद यांत विसंगत काय आहे? संताचे नाव आवडीने ठेवत असाल तर अवश्य ठेवा, मात्र त्या संताचे चरित्र मुलाला सांगता यायला हवे. केवळ इंग्रजी वाटते म्हणून ठेवलेले नाव आम्हाला दुबळे वाटते.

दुहेरी नावाचा एक त्रास आम्ही ऑफिसात बसून नेहमी पाहतो. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, स्नानसंस्काराच्या दाखल्यावर दुसरे. लग्नाच्या वेळी किंवा पासपोर्ट काढताना दोन्ही एकाच माणसाची आहेत, हे सिद्ध करीत फिरावे लागते. तेव्हा नोंदीला येताना बाळाचा जन्मदाखला आणावा. त्यावर अजून नाव चढले नसेल, तर ते चढवण्याआधी आमच्याशी बोलावे, म्हणजे दोन्ही ठिकाणी एकच नाव लागेल.