धायटी ओळखायची तर पान उलटं कर

धायटी शोधायला निघालीस ना पोरी, तर गर्द रानात शिरू नकोस. तिला ऊन लागतं. ओढ्याचा खडकाळ काठ, घाटरस्त्यासाठी खणलेली दरड, झाडं तुटून उघडा पडलेला उतार, असल्या जागी बघ. सह्याद्रीत, सातपुड्यात, थेट हिमालयाच्या खालच्या टेकड्यांपर्यंत ती आढळते. उंची माणसाएवढी, फार तर दीड-दोन पुरुष. फांद्या लांबलचक, बाहेरच्या बाजूला झुकलेल्या. खोडाची तांबूस साल पातळ पापुद्र्यांनी सुटत असते.

फुलं असताना कुणीही ओळखेल. पावसाळ्यात ओळखायची तर पान उलटं कर. पानं समोरासमोर, जवळजवळ बिनदेठाची, टोकाकडे निमुळती. खालची बाजू फिकट, लवदार, आणि तिच्यावर बारीक काळे ठिपके. ठिपके दिसले की निर्धास्त हो. धावडा म्हणून कुणी गोंधळ घातला तर ऐकू नकोस; तो डिंकाचा मोठा वृक्ष, त्याचं कूळच निराळं. धायटी मेंदी, डाळिंब आणि तामणाच्या कुळातली.

जानेवारीपासून एप्रिलपर्यंत ती फुलते. तेव्हा बरीचशी पानं झडलेली असतात, म्हणून अख्खी फांदी लाल दिसते. पण हा लाल रंग पाकळ्यांचा नव्हे बरं! निदलपुंजाची किंचित वाकडी नळी असते, जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची, तिचा तो रंग. पाकळ्या सहा, पण इतक्या चिमुकल्या की भिंग घेऊन बसावं. बाहेर डोकावणारे पुंकेसर मोजून बघ, बहुतेक बारा भरतील. नळीच्या तळाशी मध असतो, त्यासाठी शिंजीर फांद्यांवर नुसते झोंबत असतात. आम्हीही लहानपणी फूल खुडून चोखायचो. फूल सुकलं तरी ती नळी गळत नाही. फळ तिच्यातच पिकतं.

फुलं गोळा करायची तर हाताने खुड, कोयता नको. कळ्या जुन्या फांद्यांवर धरतात, फांदी गेली की पुढचा बहारही गेला. एका झुडपाची सगळी फुलं कधी काढू नकोस. अभयारण्यात तर एका फुलालाही हात लावायचा नाही, तो गुन्हा आहे. आणलेली फुलं सावलीत पातळ पसरून वाळव. दमट राहिली की बुरशी धरते. नीट वाळलेल्या फुलाची लाली टिकते.

ही फुलं लागतात मुख्यतः आसव-अरिष्टांना. काढ्यात गूळ आणि धायटीची फुलं घालून भांडं झाकून ठेवतात. फुलांबरोबर आलेलं किण्व गूळ आंबवतं आणि थोडा मद्यार्क तयार होतो. अशोकारिष्टात ती असतातच. घरी मात्र हा उद्योग करू नकोस, ते वैद्याचं काम. पूर्वी कापडाला लाल रंग द्यायलाही फुलं वापरायचे.

खरं तर बांधावर बोगनवेल लावण्यापेक्षा धायटी लावावी, असं माझं स्पष्ट मत आहे. उतारावरची माती ती धरून ठेवते, आणि तोडली तरी बुंध्यातून पुन्हा फुटते. छाटायची ती बहार संपल्यावर. बी अगदी बारीक असतं, ते खोल पुरू नकोस. ओल्या बारीक मातीवर भुरभुरव आणि वरून झारीने हलकंच पाणी शिंपड.