बाळाचा रंग : दोष कुणाचा?

बाळंतिणीला बघायला गेलं की पहिला प्रश्न मुलगा का मुलगी, आणि लगेच दुसरा, "रंग कुणावर गेलाय?" बाळ सावळं असलं की बोट सुनेकडं. केशर-दूध प्यायली नाही, चहा फार प्यायली! यात खरं किती, ते आज बघू.

आपल्या कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी असतात. त्या बनवतात त्या रंगाला मेलॅनिन म्हणतात. गोरी असो की काळी, या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. त्या मेलॅनिन किती आणि कोणत्या प्रकारचं बनवतात, एवढाच फरक. ते ठरतं आई आणि बाप दोघांकडून आलेल्या जनुकांवर. अशी जनुकं बरीच असतात, म्हणून तर सख्ख्या बहिणींचा रंगही वेगळा निघतो. केशर तिथवर पोचतच नाही.

माणूस मूळचा आफ्रिकेतला. अंगावरचे दाट केस गेले आणि उघड्या कातडीवर कडक ऊन पडू लागलं. उन्हातले अतिनील किरण शरीरातलं फोलेट नासवतात. आशाताई गरोदरपणी फोलिक ॲसिडच्या गोळ्या देतात ना, तेच हे. ते कमी पडलं तर बाळाच्या पाठीच्या कण्यात व्यंग राहू शकतं. गडद रंग हे फोलेट राखतो, म्हणून तो टिकला, असं नीना जॅब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन या शास्त्रज्ञांनी २००० साली मांडलं. म्हणजे ज्या रंगावरून आईला बोल लावतात, तो पोटातल्या बाळाचीच राखण करत आला!

उत्तरेकडच्या थंड देशांत ऊन कमी. तिथं ड जीवनसत्त्व तयार व्हायला फिकी कातडी सोयीची, म्हणून हजारो वर्षांत तिकडचे लोक उजळ होत गेले.

आता मलमांचं. आमच्या गटात एकीनं लेकीला बघायला पाहुणे येणार म्हणून दुकानातून गोरेपणाची ट्यूब आणली. अशा काही ट्यूबांत स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो. मग कातडी पातळ होते, उन्हात आग होते, पुरळ येतं, गालावर लव वाढते. लावणं थांबवलं की चेहरा आणखी लाल होतो, म्हणून पोरी परत लावतात. स्टेरॉइडचं मलम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचंच नसतं. कुणी बरेच दिवस लावत असेल तर मनानं बंद करू नका. ट्यूब सोबत घेऊन कातडीच्या डॉक्टरांकडं जा.