आलेखाचा चढ कोनमापकाने मोजू नका

प्रयोगवहीत एक चूक मला दरवर्षी भेटते. प्रयोग ओहमच्या नियमाचा. आडव्या अक्षावर विद्युतधारा, उभ्या अक्षावर विभवांतर. सरळ रेषाही सुरेख आलेली असते. मग विद्यार्थी कंपासपेटीतून कोनमापक काढतो, कोन ४५ अंश भरतो आणि तो लिहून मोकळा होतो : टॅन ४५ = १, म्हणून तारेचा रोध १ ओहम!

आता प्रमाण पाहा. आडवा १ सेंटिमीटर म्हणजे ०.१ अँपिअर, उभा १ सेंटिमीटर म्हणजे ०.५ व्होल्ट. रेषेवरचे दोन बिंदू घ्या. धारा ०.२ वरून ०.६ अँपिअर होते, तेव्हा विभवांतर १ वरून ३ व्होल्ट होते. २ भागिले ०.४, म्हणजे रोध ५ ओहम. उभ्या अक्षाचे प्रमाण १ व्होल्ट केले, तर तीच रेषा सुमारे २७ अंशांवर कलते. तारेला मात्र याचा पत्ताही नसतो. कोन कागदाचा असतो, चढ त्या दोन राशींचा. म्हणून चढाला एकक असते : येथे व्होल्ट प्रति अँपिअर. अक्षांची अदलाबदल केलीत, तर चढ ०.२ येईल आणि तो रोध नसून रोधाचा व्यस्तांक असेल.

बिंदू निवडताना ते रेषेवरचे आणि एकमेकांपासून दूरचे घ्या. जवळच्या बिंदूंत वाचनाची बारीकशी चूकही उत्तर बिघडवते.

अशा एका चढाने इतिहास घडवला आहे. धातूवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. त्यांना थोपवण्यास लागणारे विभवांतर प्रकाशाच्या वारंवारतेसमोर मांडले, तर सरळ रेषा यावी आणि तिचा चढ प्रत्येक धातूसाठी तोच असावा, असे आइन्स्टाइनच्या १९०५ मधील सूत्रावरून निघते. अमेरिकेतील रॉबर्ट मिलिकन यांचा प्रकाशकणांच्या कल्पनेवर विश्वास नव्हता. त्यांनी सोडियम व लिथियम घेऊन अनेक वर्षे चिकाटीने मोजमापे केली. १९१६ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. रेषा सरळच आली होती!

चढाचे एकक व्होल्ट-सेकंद. त्याला इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराने गुणले (तो भारही मिलिकन यांनीच तेलाच्या थेंबांवरून मोजला होता) की ज्यूल-सेकंद मिळतात, म्हणजेच प्लांकचा स्थिरांक. मिलिकन यांचे उत्तर होते ६.५७ गुणिले १० चा उणे ३४ वा घात. आज आपण ६.५७ च्या जागी ६.६२६ लिहितो. फरक एक टक्काही नाही. त्यांच्या आलेखावर रेषेचा कोन किती अंश होता, हे कोणी विचारत नाही.