अ‍ॅनिमेशनचा आरंभ आणि साधनांची निवड

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून परतले, तेव्हा विल्यमसन कॅमेरा आणि कच्च्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडणारे यंत्र एवढ्याच मुख्य खरेदीवर त्यांची भिस्त होती. प्रयोगशाळा राहत्या घरातच उभी राहिली. प्रथम त्यांनी मोठे कथानक हाती घेतले नाही. कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची छायाचित्रे ते दिवसेंदिवस घेत राहिले. पडद्यावर तो अंकुर क्षणार्धात वाढताना दिसला, तेव्हा भांडवल पुरविणाऱ्यांचा विश्वास बसला. स्थिर चित्रांत अल्प अल्प बदल करून ती वेगाने दाखविणे, हे अ‍ॅनिमेशनचे मूलतत्त्व त्या प्रयोगात होते. आधी काय करावयाचे ते ठरवावे आणि मग त्यापुरतीच साधने घ्यावीत, हा व्यवहारी धडाही त्यात होता.

हा धडा आज संगणक घेऊ पाहणाऱ्या नवशिक्यालाही तितकाच लागू पडतो. पोलाद कारखान्याभोवती वाढलेल्या भिलाई शहरातील नेहरू नगरासारख्या वस्तीत, मध्यमवर्गीय घरातून यासाठी मिळणारी रक्कम बहुधा एकदाच मिळते. ती दिखाऊ यंत्रावर खर्च झाली, तर वर्षा-दोन वर्षांचा अभ्यास अडून राहतो.

म्हणून पहिला निर्णय कामाच्या प्रकाराचा. हाताने रेखाटलेल्या द्विमित चित्रांसाठी संगणकावर फारसा भार पडत नाही. प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असलेली ग्राफिक्सची सोय पुरते. येथे खरे साधन म्हणजे दाबाचा कमीजास्तपणा ओळखणारी लेखणी. पडदा नसलेला साधा पेन टॅब्लेट आरंभी पुरेसा ठरतो. हात टेबलावर आणि दृष्टी पडद्यावर ठेवण्याची सवय काही आठवड्यांत होते. त्रिमित कामाची गोष्ट निराळी. तेथे प्रकाश, छाया आणि पृष्ठभाग यांचे गणित संगणकाला प्रत्येक चौकटीसाठी नव्याने करावे लागते. ब्लेंडर या मोफत प्रणालीसाठी किमान ८ जीबी रॅम लागते, तर ३२ जीबीची शिफारस केली जाते. ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीबाबत हेच आकडे २ आणि ८ जीबी असे आहेत.

रॅमचे महत्त्व साध्या हिशेबाने स्पष्ट होते. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या एका चित्राला, प्रत्येक बिंदूस चार बाइट धरल्यास, सुमारे ८३ लाख बाइट लागतात. सेकंदाला २४ चौकटी या प्रमाणाने दहा सेकंदांच्या दृश्यात २४० चौकटी होतात. ते दृश्य संकोच न करता स्मृतीत ठेवले, तर जवळजवळ २ जीबी जागा एका थरातच संपते. म्हणून १६ जीबी रॅमने आरंभ करावा. मात्र पुढे आणखी पट्टी बसविता येईल, अशी जागा मदरबोर्डवर असल्याची खात्री करून घ्यावी. त्याच किमतीत लॅपटॉपपेक्षा टेबलावरील संगणक अधिक काम देतो आणि त्याचे सुटे भाग एकेक करून बदलता येतात. प्रणाली व चालू काम एसएसडीवर ठेवावे, जुनी कामे साध्या हार्ड डिस्कवर.

काटकसर कोठे करू नये, हेही जाणले पाहिजे. वीजपुरवठ्याचा भाग, म्हणजे एसएमपीएस, निकृष्ट असेल तर तो बिघडताना इतर भागांनाही इजा पोचवू शकतो. भिलाईचा उन्हाळा ४० अंशांपलीकडे जातो. म्हणून पेटीत हवा खेळती असावी आणि धूळ वरचेवर झटकावी. एका चौकटीच्या रेंडरिंगला दोन मिनिटे लागली, तर २४० चौकटींना आठ तास, म्हणजे अख्खी रात्र लागते. मध्येच वीज गेली तर? यूपीएस काही मिनिटेच साथ देतो. तेव्हा सलग चित्रफितीऐवजी प्रत्येक चौकट स्वतंत्र चित्र म्हणून साठवावी. मग नुकसान झालेच तर एका चौकटीचे होते.

प्रणालींवर आरंभी पैसा घालण्याचे कारण उरलेले नाही. ब्लेंडर २००२ पासून मुक्त आहे आणि रेखाटनासाठी क्रिता व २०१६ साली मुक्त झालेली ओपनटून्झ उपलब्ध आहेत. ब्लेंडरमध्ये तयार झालेल्या ‘फ्लो’ या लाटव्हियाच्या चित्रपटाला २०२५ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले.

यावरून खरेदीचा क्रम ठरतो. घरी जुना संगणक असेल, तर प्रथम केवळ पेन टॅब्लेट घ्यावा आणि उसळणाऱ्या चेंडूचे, चालणाऱ्या माणसाचे दृश्य पुरे करावे. काम कोठे अडते, हे त्या दोन दृश्यांतून कळते. मग त्या अडचणीपुरताच पुढचा खर्च करावा. फाळक्यांची कुंडीही अशीच लहान होती.